आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही

आईने आमचा घरी केलेला पाइपचा डबा बोअरमध्ये सोडला की सात लिटर पाणी वर यायचं. पुतण्याने सोडला की पाच. ओढायचा मात्र दोन्ही वेळा पुतण्याच, त्याच दोरीने आणि त्याच कप्पीवरून. हे लक्षात आलं तेव्हा आमची सगळी खटपट चुकीच्या टोकाला चालली होती हेही लक्षात आलं.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. लॉकडाऊनमुळे मी मार्चपासून श्रीवर्धन तालुक्यातल्या घरीच होतो. संध्याकाळपर्यंत वाडीत उभं राहिलेलं झाड शोधावं लागत होतं. माड मधोमध मोडलेले, पोफळी एकावर एक आडव्या, विजेचे खांब रस्त्यावर झोपलेले. आमच्या विहिरीत एक माड शेंड्यासकट उतरला होता आणि वरून छपराचे पत्रे. ते पाणी गुरंही पिईनात. वीज पुढे कित्येक आठवडे येणार नव्हती.

राहिली ती मागच्या अंगणातली जुनी बोअर. मोटर जळाल्यावर आदल्या वर्षीच वर काढलेली, तोंडाला टोपण. दोरीला दगड बांधून मोजलं तर पाणी ४२ फुटांवर. सहा इंची तोंडात बादली जात नाही, आणि कळशी गेली तरी ती आडवी होऊन भरायला जागा नाही. आपला पोहरा पाण्यावर कलतो, काठ बुडतो, मग भरतो. बोअरमध्ये कलायला वावच नसल्यामुळे पाणी खालूनच आत घ्यावं लागतं, म्हणजे तळाला झडप हवी. पाण्यात उतरताना ती उघडेल, ओढताना आतल्या पाण्याच्याच वजनाने मिटेल. कल्पना सोपी आहे आणि जुनीही आहे. बोअर पाडणारे तळातला गाळ उपसायला याच तत्त्वाचं नळकांडं वापरतात.

शेजाऱ्यांच्या चालू बोअरमध्येही हा डबा सोडावा अशी सूचना आली, ती मी मानली नाही. तिथे मोटरचा पाइप, केबल आणि आधाराची दोरी असं सगळं आधीच लटकलेलं असतं. डबा त्यांत गुंतला तर डबाही जातो आणि वीज आल्यावर मोटरही.

सामान घरातलंच होतं. ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा, पाइप जोडायचे दोन कपलर, पीव्हीसी चिकटवायच्या सॉल्व्हंट सिमेंटचा अर्धा डबा, ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर, नट-बोल्ट. ड्रिल मशीन होतं, पण वीज नव्हती. वेल्डरचंही तेच. म्हणून गिरमिट, हॅक्सॉ आणि कानस. पाइपची भिंत अडीच मिमीची, म्हणजे आतला व्यास १०५ मिमी आणि मीटरभर लांबीत साधारण साडेआठ लिटर पाणी. बोअरच्या १५० मिमीत ११०चा पाइप चारी बाजूंनी वीस-वीस मिमी सुटा राहतो. याहून जाड घेतला तर भिंतीला घासतो, ९०चा घेतला तर पाणी साडेपाच लिटरवर येतं. पहिला तुकडा मी सांडपाण्याच्या करड्या पाइपचा कापला होता, तो बाजूला ठेवला. तो पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलाच नसतो, आणि पीव्हीसीत शिशाची संयुगं घालायची पद्धत आपल्याकडे बरीच वर्षं चालली. आयएस ४९८५ असा छाप असलेला, पिण्याच्या पाण्याच्या लाइनचा तुकडा पडवीच्या माळ्यावर सापडला. त्यालाही दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवलं, नाहीतर पाण्याला सिमेंटचा वास मारतो.

पहिली झडप म्हणजे तळाच्या चकतीला पाच सेंमीचं भोक आणि त्यावर एका कडेला बोल्टने धरलेला रबराचा तुकडा. दाराला बिजागरी असते तशी. डबा भरून वर निघाला आणि बोअरमधून पाऊस पडल्यासारखा आवाज येऊ लागला. वर आला तेव्हा निम्मा. दोष रबराचाच होता. ट्यूब जन्मभर गोल राहिलेली असते, तिचा तुकडा सपाट बसवला तरी हळूहळू आपल्या मूळ बाकाकडे वळतो आणि कडेला फट पडते. बोल्ट आवळला की बोल्टजवळची फट मिटते आणि समोरची वाढते. या बिजागरीवर मी दीड दिवस घालवला. तो घालवायला नको होता.

दुसरी झडप छत्रीची. एका बोल्टवर खाली-वर सरकणारी चकती, तिच्या खाली सपाट रबर आणि रबराला धरायला दोन्हीकडून लोखंडी वायसर. बोल्ट सरळ राहावा म्हणून डब्यात आडवी पट्टी टाकून तिच्या भोकातून तो ओवला. चकती कुठेच एका बाजूने बांधलेली नसल्यामुळे सगळीकडून सारखी बसते. गळती जवळजवळ थांबली. वर आलेला डबा टांगून ठेवला तर थेंब पडायचे, धार नव्हे. आम्ही खूश.

मग पाणी मापलं. लिटरच्या मापाने पाच, वर एखादा पेला. साडेआठ मावणाऱ्या डब्यात पाच.

साहजिकच पुन्हा गळतीवर संशय. रबर बदललं, भोकाची कड कानशीने घासून गुळगुळीत केली, वायसर मोठे घेतले. हे मोठे वायसर लक्षात ठेवा, त्यांनी गोष्ट आणखी बिघडवली. पाणी पाचच. तेवढ्यात आई म्हणाली, ‘आण इकडे, मी सोडते,’ आणि सात लिटर आलं. योगायोग म्हणून सोडून दिलं. दुसऱ्यांदा सात, तिसऱ्यांदा साडेसहा. मग तिला विचारलं, तू वेगळं काय करतेस?

‘अरे, पोहरा नुसता सोडतात का कधी? खाली टेकला की हिसका द्यायचा.’

साठ वर्षं रहाटावर पाणी ओढलेला हात. पोहरा पाण्यावर तरंगत राहू नये म्हणून दोर जरा वर उचलून सैल सोडायचा, की तो कलून बुडतो. इथे कलण्याचा प्रश्नच नव्हता, तरी हात सवयीने तेच करत होता. डबा वीतभर वर जायचा, आपटायचा आणि दर आपटीला थोडं पाणी आत घ्यायचा. म्हणजे तूट वर येताना होत नव्हती. डबा खालीच अपुरा भरत होता. गळती असती तर सोडणारा बदलल्याने फरक पडला नसता.

खात्री करायला डबा बोअरमधून काढून अंगणातल्या हौदात सोडला. हौद साडेतीन फूट खोल, वादळानंतर पावसाने भरलेला. जे ४२ फुटांवर काळोखात चाललं होतं ते समोर दिसलं. डबा सरळ उभा राहिला, आत पाणी चढू लागलं आणि मग सगळं थांबलं. साधारण तीस सेंमी डबा पाण्याबाहेर, आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा दहा-अकरा सेंमी खाली आणि झडप बंद. मी बोटाने वरून जरा दाबलं तर खाली गेला, झडप उघडली, पाणी आत आलं. बोट काढलं की पुन्हा स्तब्ध.

आता हिशेब मांडता आला. झडप वायसर-बोल्ट धरून २५० ग्रॅम, पाण्यात तिचं वजन भरतं २२० ग्रॅम. तिच्या खालच्या भोकाचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंमी. ती उचलायला बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा ११ सेंमी उंच हवं. हा उंचीतला फरक आणतं कोण? डब्याचं स्वतःचं वजन. पण पीव्हीसी पाण्याच्या जेमतेम १.४ पट जड. दीड किलोचं प्लॅस्टिक पूर्ण बुडालं की पाण्यात त्याचं वजन उरतं ४३० ग्रॅम. त्यात झडपेचे २२० मिळवले तर ६५०. डब्याच्या ८६ चौरस सेंमीच्या तळाला भागलं तर साडेसात सेंमी. झडप मागते अकरा, पूर्ण बुडलेला डबा देऊ शकतो साडेसात. म्हणून तो पूर्ण बुडायच्या आधीच, जिथे दोन्ही आकडे जुळतात तिथे, अडतो. सत्तर सेंमी पाण्यात, आत ५९ सेंमी पाणी, म्हणजे पाच लिटर. मापाने तेच सांगितलं होतं.

धातूच्या बादलीला हा त्रास होत नाही, तिला पाण्यात भरपूर वजन उरतं. आपण लोखंडाची सवय प्लॅस्टिकला लावतो आणि फसतो.

उपाय सुचला तो जो कुणालाही सुचेल तो: डबा जड करा. वाण्याच्या बंद दुकानातलं दोन किलोचं लोखंडी वजन आणून तळाशी बांधलं. डबा दगडासारखा बुडाला आणि काठोकाठ भरला. दोन दिवस आम्ही तसंच पाणी भरलं. पुतण्याचे खांदे दुखायला लागले. मोडलेल्या तीन पोफळींची तिपाई करून तिला रहाटाची जुनी कप्पी लावली होती. एका स्थिर कप्पीने ओढण्याची दिशा फक्त बदलते, वजन कमी होत नाही. प्रत्येक फेरीला दोन किलो लोखंड ४२ फूट खाली-वर, दिवसाला पंचवीस फेऱ्या. ना प्यायला, ना धुवायला उपयोगी असं ते वजन आम्ही इमानदारीत वाहत होतो.

तेव्हा प्रश्न उलटा विचारला. डबा जड करण्याऐवजी झडप हलकी का नको? आणि भोक मोठं का नको? झडपेचं पाण्यातलं वजन भागिले भोकाचं क्षेत्रफळ, एवढाच आकडा कमी करायचा होता. लोखंडी वायसर काढले. पाइपचा तुकडा शेगडीवर ऊन करून फळीखाली दाबून सपाट केला आणि त्याची ७८ मिमी व्यासाची चकती कापली. हे काम उघड्यावर करावं, आणि पाइप मऊ झाला की लगेच बाजूला घ्यावा. एक तुकडा मी करपवला, त्या धुराने तासभर घसा खरखरत होता. बोल्ट दहाऐवजी आठ मिमीचा. भोक ५० वरून ६५ मिमी. ड्रिलशिवाय एवढं भोक म्हणजे गिरमिटाने कडेकडेने बारीक भोकं पाडायची, मधली टिकली ठोकून काढायची आणि कानस मारत बसायचं. नवी झडप १४० ग्रॅम भरली, पाण्यात ९०. तिला उघडायला तीन सेंमीच्या आतला फरक पुरतो. डबा आता सहा सेंमी देऊ शकतो. वजनाशिवाय हौदात सोडला, तर सावकाश पण पूर्ण बुडाला. घाई व्हावी म्हणून अर्धा किलोची एक लोखंडी कडी ठेवली, तेवढीच. भरून निघालेला डबा सव्वाबारा किलोंवरून पावणेअकरावर आला, आणि आईने सोडला काय, पुतण्याने सोडला काय, साडेआठ लिटर.

मोठ्या भोकाचा आणखी एक फायदा न मागता मिळाला, त्याकडे येतो. आधी अडकण्याचं सांगायला हवं, कारण त्यात डबा जवळजवळ गमावला होता.

बोअरला वरच्या मातीच्या थरापुरता केसिंग पाइप असतो, आमच्याकडे वीस फूट. त्याखाली उघडा कातळ. आमच्या केसिंगच्या खालच्या टोकाची एक कड आत डोकावते. डबा उतरताना तिला चुकवून जायचा. येताना दोरी एका बाजूला ओढली गेली की डब्याचा काठ बरोबर त्या कडेखाली जाऊन बसायचा. पुतण्या जोर लावणार एवढ्यात मी ओरडलो, कारण अशा वेळी दोर तुटतो आणि मग ४२ फुटांवरचा डबा काढायला गळ टाकत बसावं लागतं. खाली सोडून, दोर फिरवून, पुन्हा ओढून सुटला. पुढच्या फेरीत पुन्हा तेच.

पाणी खालून आत येत असल्यामुळे वरचं तोंड मोठं असायची गरजच नाही, हे इथे कामी आलं. वरच्या काठाला सहा उभ्या चिरा पाडून पाचरीएवढे तुकडे काढले, पाइप ऊन करून उरलेल्या सहा पाकळ्या आत वळवल्या. कमळाची कळी असते तसं तोंड झालं. दोरी पाकळ्यांच्या टोकांतून ओवून मधोमध गाठ. आता डबा कडेला टेकला तरी घसरून आत जातो. कपलरच्या वरच्या कडेलाही कानशीने तसाच उतार दिला, कारण तळाची चकती ज्या कपलरमध्ये बसवली होती तो पाइपपेक्षा जरा जाड असतो आणि त्याचीही कड अडकते.

आता रिकामा करण्याचं. मीटरभर लांबीचा, अकरा किलोंचा डबा हंड्यात ओतायचा म्हणजे दोन माणसं लागतात. तो आडवा करताना काठ शेणामातीला लागतो, हात पाण्याला लागतात, निम्मं पाणी पायांवर. कळीसारखं तोंड केल्यावर तर ओतणं आणखी किचकट झालं. बैलांनी ओढायची चामड्याची मोट चालायची तेव्हा ही अडचण कशी सोडवली होती हे माझ्या पिढीने फक्त ऐकलेलं. मोटेला दोन दोर असतात, जाड नाडा आणि बारीक सोंदूर. नाडा मोटेचं वजन ओढतो, सोंदूर तिच्या सोंडेचं तोंड वर धरून ठेवतो. थारोळ्यापाशी, म्हणजे विहिरीच्या काठावर पाणी पडायच्या कुंडापाशी, आलं की सोंड खाली वळते आणि मोट आपोआप रिकामी होते. बैल हाकणाऱ्याला पाण्याला हात लावायला लागत नाही.

आमच्याकडे सोंड नव्हती, पण तळाला झडप होती. ती खालून ढकलली की पाणी सुटणार. म्हणून थारोळं केलं: रुंद तोंडाची प्लॅस्टिकची घागर मधोमध कापून उलटी केली, तिचं तोंड हंड्यात, आणि कापलेल्या बाजूला आडव्या पट्टीवर एक खुंटी उभी केली. डबा तिच्यावर टेकवला की खुंटी झडपेच्या बोल्टला वर ढकलते. भरलेल्या डब्यात झडपेवर मीटरभर पाण्याचा दाब, ६५ मिमीच्या भोकावर साधारण सव्वातीन किलो. पाण्यासकट डब्याचं वजन अकरा. त्यामुळे नुसता टेकवला की उघडतो, दाबायला लागत नाही. आणि भोक मोठं असल्याने काही सेकंदांत रिकामा. मघाशी म्हटलेला न मागता मिळालेला फायदा तो हा.

यात एक धोका होता. बोल्ट तळाखाली लोंबत असेल तर बोअरमध्ये कुठेतरी आपटून झडप वाटेतच उघडेल. म्हणून दुसऱ्या कपलरने डब्याच्या तळाखाली सहा सेंमीची गोल भिंत वाढवली, बोल्ट तिच्या आत लपला. खुंटी त्या भिंतीच्या आत शिरेल इतकी बारीक. लोखंडी कडीही तिथेच बसवली. लगेच नवी भानगड: भिंतीखाली हवा कोंडली जाऊ लागली आणि डबा पाण्यावर बुडबुडे काढत डुगडुगू लागला. भिंतीला वरच्या बाजूला चार भोकं पाडली, हवा निघून गेली.

नेटवर्क परत आल्यावर शोधलं तर हीच वाट झिम्बाब्वेत १९८० च्या दशकातच चालून झाली होती. हरारेच्या ब्लेअर रिसर्च लॅबोरेटरीत पीटर मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बकेट पंप’ बनवला. हाताने फिरवायच्या गिरमिटासारख्या यंत्राने पाडलेली अरुंद विहीर, वर रहाट, तळाला झडप असलेली पाचेक लिटरची लांबोडी बादली आणि वर एक ठरलेलं भांडं, ज्यावर बादली टेकली की झडप उघडून पाणी नळीतून घागरीत. म्हणजे आमचं थारोळं, फक्त नीट केलेलं. मॉर्गन यांना २०१३ साली स्टॉकहोम वॉटर प्राइझ मिळालं. त्यांच्या बादलीचा पाच लिटरचा आकडा मी आधी पाहिला असता तर साडेआठचा हट्ट धरला नसता. घरातली बाईमाणसं आणि मुलं एकेकट्याने ओढणार असतील तर पाच-सहा लिटरच योग्य. आम्ही पुतण्याच्या खांद्यांवर विसंबून मापं ठरवली, आणि पुतण्या घरात नसला की डबा पडून राहायचा. आज करायला बसलो तर त्याच पाइपचा डबा मीटरऐवजी सत्तर सेंमीचा कापेन.

दोरीचं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. डबा हाताळायची गरज संपली तरी ४२ फूट दोरी प्रत्येक फेरीला अंगणात पडते आणि चिखल घेऊन पुन्हा बोअरमध्ये उतरते. रहाटाच्या कण्यावर ती गुंडाळली गेली तर हा प्रश्न उरत नाही. आम्ही दोरीखाली ताडपत्री अंथरली, पिण्याचं पाणी उकळलं आणि दिवसाचं काम झालं की टोपण घट्ट लावलं. शेवटची गोष्ट पाण्यापेक्षा घरातल्या लहान मुलांसाठी.

वीज आली, विहिरीतला माड निघाला, डबा पडवीत खुंटीला टांगला गेला. पुढच्या मे महिन्यात, २०२१ ला, तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं आणि पुन्हा वीज गेली. या वेळी डबा तयारच होता. बोअरमध्ये सोडला, दोर सैल झाला, ओढला तर पार रिकामा. आईने हिसके दिले, तरी रिकामा. अकरा महिने कोरडं टांगल्यामुळे झडपेचं रबर खालच्या प्लॅस्टिकला चिकटून बसलं होतं. थारोळ्याच्या खुंटीवर एकदा आदळला तेव्हा फट्‌ आवाज करत सुटलं, आणि रबराचा एक पापुद्रा कडेला चिकटून राहिला. त्या दिवशी डबा पुन्हा थेंबथेंब गळत होता. नवं रबर कापून बसवलं. आता टांगताना झडपेखाली सुपारीच्या सोलाचा एक तुकडा सरकवून ठेवतो.